विवराच्या कडेवरची जीभ: दरड, वितळलेला खडक की पाणी?

नाशिकच्या एका वाचकांनी तीन फोटो पाठवून प्रश्न विचारला आहे. पहिले दोन चंद्रावरच्या जिओर्दानो ब्रुनो विवराचे आहेत. एकात विवराच्या आतल्या भिंतीवरून खाली उतरलेल्या लांब जिभा दिसतात, तर दुसऱ्यात कडेच्या बाहेर उताराने गेलेले ओघ, दोन्ही बाजूंना वरंबे असलेले. तिसरा फोटो मंगळावरच्या युटी विवराचा, ज्याभोवती चिखलात दगड टाकल्यासारखी पाकळ्यांची नक्षी उमटली आहे. त्यांचं म्हणणं असं: "आपल्याकडे इगतपुरी, कसारा, सप्तशृंगीच्या बाजूला दरड येते ती पावसाळ्यातच, आणि तिचा आकार असाच जिभेसारखा असतो. मग हे तिन्ही आकार पाण्याशिवाय कसे होतील? चंद्रावर कधीतरी पाणी वाहिलं, असं मानायचं का?"

नाही. चंद्रावरच्या या दोन्ही आकारांना पाण्याची गरज नाही. मंगळाचं उत्तर वेगळं आहे आणि तिथे बर्फाचा हात असण्याची शक्यता दाट आहे. पण हो-नाही सांगून थांबलो तर पुढच्या फोटोवर तुम्ही पुन्हा तिथेच अडकाल. म्हणून मी हे कसं ठरवतो ते सविस्तर लिहितो. माझं मूळ काम घाटरस्त्यांच्या उतारांचं. अठ्ठावीस वर्षं दरडी बघितल्या, मोजल्या. गेली बारा वर्षं चंद्र आणि मंगळाच्या फोटोंवरून नकाशे करतो आहे.

तुमच्या प्रश्नात पाण्याचा मुद्दा पुढे आला आहे, पण खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. ती जीभ विवर तयार होताना, त्या काही मिनिटांत आली की विवर होऊन लाखो-कोटी वर्षं उलटल्यावर? विवराजवळ दिसणारी प्रत्येक गोष्ट या दोनपैकी एका खात्यात पडते. खातं कळलं की निम्मं उत्तर मिळालं. नुसता आकार बघून हे कळत नाही. ती गोष्ट सुरू कुठून झाली, थांबली कुठे आणि कशाच्या अंगावर चढून बसली आहे, हे बघावं लागतं.

विवर होताना काय घडतं ते आधी डोळ्यांसमोर आणू. सेकंदाला १५-२० किलोमीटर वेगाने एखादी अशनी येऊन आदळते. तिची जवळजवळ सगळी ऊर्जा क्षणार्धात खडकात उतरते. खडकाचा काही भाग वितळतो, थोड्याची वाफ होते, उरलेला चिरडला जाऊन बाहेर फेकला जातो. एक खोल वाडगा तयार होतो, पण मोठ्या विवरात हा वाडगा टिकत नाही. तळ वर उसळून मध्यशिखर बनतं आणि भिंती खचून पायऱ्या पडतात. चंद्रावर हा बदल साधारण १५ ते २० किलोमीटर व्यासापासून दिसू लागतो. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण जास्त, म्हणून इथे तो दोन ते चार किलोमीटरपासूनच सुरू होतो. ९३ किलोमीटर व्यासाच्या कोपर्निकस विवराच्या भिंतीवरच्या त्या सुंदर पायऱ्या म्हणजे एक प्रचंड दरडच आहे. फरक इतकाच की तो डोंगर बनता बनताच कोसळला. ही सगळी उलथापालथ काही मिनिटांत आटोपते. वितळलेला खडक मात्र त्यानंतरही बराच काळ वाहत, साचत, थिजत राहतो.

तुमचा दुसरा फोटो, कडेच्या बाहेरचे ओघ, हा त्या वितळलेल्या खडकाचा आहे. तळ उसळतो आणि भिंती खचतात तेव्हा आतला वितळलेला खडक हिंदकळतो. भरलेल्या परातीला धक्का लागावा तसा तो कडेवरून बाहेर सांडतो, बहुतेकदा कडा जिथे सखल असेल तिथून, आणि बाहेरच्या उताराने वाहू लागतो. वरचा थर उष्णता फेकून लवकर थिजतो, पण आतला भाग वाहताच राहतो. कडेचा थिजलेला भाग वरंब्यासारखा उभा राहतो आणि मधला ओघ पुढे निघून जातो. कांद्याच्या शेतात पाट फोडल्यावर दोन्ही बाजूंना गाळाचे वरंबे धरतात, तसंच काहीसं. तो ओघ वाटेतल्या खळग्यात साचला तर सपाट तळं होतं आणि थंड होताना त्याला भेगा पडतात. तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात सपाट, काळसर, भेगाळलेला तुकडा आहे. तो नीट बघा. उतारावर असा आडवा, पाण्यासारखा सपाट पृष्ठभाग दरड कधीच देत नाही. द्रवच देतो, आणि चंद्रावर हा द्रव म्हणजे वितळलेला खडक.

आता पहिला फोटो, आतल्या भिंतीवरच्या जिभा. इथे तुमचा घाटातला अनुभव कामाचा आहे, पण अर्धाच. आपल्याकडे दरड पावसात येते हे खरंच आहे. बेसॉल्टवरची मुरूम-माती पाण्याने जड होते, आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि उताराची पकड सुटते. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं ते असंच, दीडशेहून अधिक माणसं गेली. ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या मनात दरड म्हणजे पाणी हे समीकरण पक्कं बसतं, माझ्याही मनात बसलं होतं. पण पाणी हे पकड सोडवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. भूकंपाचा हादरा, खालचा आधार निघून जाणं, वर नवा भार पडणं यांनीही पकड सुटते. चंद्रावर हे तिन्ही आहेत. एकदा सुटलेल्या मालाला खाली आणायला गुरुत्वाकर्षण पुरेसं असतं.

कोरडा माल जीभ करतो का, वरंबे करतो का, हे बघायला चंद्रावर जावं लागत नाही. एखाद्या खडी क्रशरवर जा. डंपरने मिसळ खडी ओतली की ढिगाच्या अंगावरून ती झपझप येते, एका ठिकाणी थबकते, मागून दुसरी लाट येते. मोठे दगड गडगडत पायथ्याला जातात, बारीक कच वर राहते. घरी करायचं असेल तर बारीक रव्यात जाड साखर मिसळा, तिरप्या पाटावर सुती कापड ताणा आणि वरून बारीक धारेने ओता. बऱ्याचदा मोठे दाणे ओघाच्या तोंडाशी आणि कडेला ढकलले जातात, मधला बारीक माल पुढे सरकत राहतो, आणि ओतणं थांबवलं की मागे दोन बारीक वरंबे आणि मधे घळ उरते. पाण्याचा थेंबही नसतो. म्हणून वरंबे दिसले की पाणी किंवा वितळलेला खडक, असं म्हणता येत नाही. या एका खुणेवर माझा विश्वास राहिलेला नाही.

कोरड्या मालाची आणखी एक सवय फार उपयोगी आहे. तो साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. उतार त्याहून सौम्य झाला की किरकोळ आकाराची कोरडी घसरण लवकरच दम टाकते. तुमच्या फोटोतल्या जिभा भिंतीचा तीव्र उतार संपून तळ सपाट होऊ लागतो तिथेच थांबल्या आहेत, टोकाशी मोठे दगड जमले आहेत, आणि वर प्रत्येक जिभेच्या मुळाशी ताजा, उजळ खरवडलेला खळगा आहे. मुळाशी खळगा म्हणजे माल तिथून सुटला. वितळलेल्या खडकाच्या ओघाच्या मुळाशी असा खळगा नसतो, तो वरच्या तळ्यातून नाहीतर भिंतीवर माखलेल्या थरातून निघतो. ही जीभ तळावरच्या थिजलेल्या, भेगाळलेल्या पृष्ठभागाच्या वर चढून बसली आहे, हेही बघा. वर बसलेली गोष्ट नंतरची. म्हणजे खडक थिजून घट्ट झाल्यावर ही दरड आली.

आत्तापर्यंत हाती आलेलं असं: बाहेरचा ओघ विवर होतानाचा, वितळलेल्या खडकाचा. आतली जीभ नंतरची, कोरडी दरड. दोघांत पाणी नाही.

यावर तुम्ही विचाराल की सपाटीवरही फार लांब धावलेल्या दरडी आहेत, त्यांचं काय? बरोबर आहे, माझा ३० अंशांचा नियम तिथे तुटतो. दरडीच्या लांब पल्ल्याचा हिशेब आम्ही पडण्याची उंची भागिले धावलेली लांबी असा करतो. लहान कोरड्या घसरणीत हे गुणोत्तर ०.६ च्या जवळ येतं. दरड लाखो-कोटी घनमीटरची झाली की ते खाली येत ०.२, ०.१ पर्यंत जातं. जितका माल मोठा, तितकी ती प्रमाणाबाहेर लांब धावते. एकेकाळी यावर उत्तर दिलं जायचं की दरड खाली कोंडलेल्या हवेच्या गादीवरून घसरते, किंवा पाण्यावरून. पण हवा आणि पाणी दोन्ही नसलेल्या चंद्रावरही अशा दरडी आहेत. भूभौतिकशास्त्रज्ञ जे मेलॉश यांनी १९७९ मध्ये वेगळी कल्पना मांडली की आतल्या दगडांच्या आदळआपटीतून उठणारी कंपनंच क्षणभर घर्षण कमी करतात आणि माल द्रवासारखा वागतो. या यंत्रणेवर अजून वाद आहेत. पण लांब धावली म्हणजे ओली होती, हे अनुमान चंद्राने कायमचं मोडीत काढलं.

याचं सर्वांत जवळून पाहिलेलं उदाहरण अपोलो १७ चं आहे. डिसेंबर १९७२ मध्ये यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट टॉरस-लिट्रो दरीत उतरले. श्मिट हे चंद्रावर गेलेले एकमेव व्यवसायाने भूवैज्ञानिक. दरीच्या दक्षिणेला दोन किलोमीटरहून उंच डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्यापासून फिकट रंगाच्या मालाची पातळ चादर सपाट दरीत सुमारे पाच किलोमीटर पसरली आहे. ती दरडच. हादरा कुणी दिला? फार काळ मान्य असलेलं उत्तर असं की दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या, ८५ किलोमीटर व्यासाच्या टायको विवरातून उडालेले खडक या डोंगरमाथ्यावर येऊन आपटले आणि माल सुटला. याच भागातल्या नमुन्यांवरून टायकोचं वय सुमारे ११ कोटी वर्षं काढलं गेलं. पण त्याच दरीतून ली-लिंकन नावाचा भ्रंश, म्हणजे खडक सरकलेली भेग, जातो. दरड त्याच्या हादऱ्यांनी सुटली असं म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात पाणी कुठेच नाही.

याच दरीच्या उत्तरेच्या डोंगरावरून एक भला मोठा दगड घरंगळत आला आणि पाच तुकडे होऊन थांबला. मागे सुमारे अर्धा किलोमीटर त्याचा माग उमटलेला आहे. सर्नन-श्मिट त्याच्या सावलीत उभे राहून काम करत होते. मी तो फोटो नवीन मुलांना पहिल्या दिवशी दाखवतो. दगड दिसतो, माग दिसतो, मागाचं वरचं टोक दिसतं. सुरुवात, वाट आणि शेवट असे तिन्ही एका नजरेत मिळाले की वाद उरत नाही. बाकी सगळीकडे आपण हेच तीन शोधत असतो.

कधीकधी इतकं करूनही खातं ठरत नाही, हेही सांगायला हवं. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला त्सिओल्कोव्स्की नावाचं मोठं विवर आहे. त्याच्या पश्चिमेच्या कडेबाहेर, फर्मी या जुन्या विवराच्या तळावर, लांबच लांब समांतर चर असलेला एक अवाढव्य पंखा पसरला आहे. कुणी त्याला कडा कोसळून आलेली दरड म्हणतं, कुणी विवर होताना बाहेर पडून जमिनीलगत वाहिलेला माल. अपोलोच्या काळापासून हे चाललं आहे. विवर तयार होत असतानाच त्याची कडा बाहेरच्या बाजूला कोसळली, तर ती दोन्ही खात्यांत बसते.

आता युटी. हे सुमारे १८ ते २० किलोमीटरचं विवर. १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळाचे फोटो पाठवायला सुरुवात केली, तेव्हा अशा पाकळ्यांच्या विवरांनी सगळ्यांना चकित केलं. चंद्रावर विवरातून उडालेला माल तोफगोळ्यासारखा वर जाऊन पडतो. तो कडेजवळ जाड, बाहेर पातळ होत विरून जातो. युटीभोवतीचा माल मात्र जमिनीलगत वाहिला, एकावर एक पाकळ्या चढल्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाशी उंचवटा करून थांबला. मंगळावर अशा काही विवरांत हा माल वाटेतल्या जुन्या अडथळ्याला वळसा घालून गेलेला दिसतो. वरून पडणारा माल वळसा घालत नाही.

गुरुत्वाकर्षण हे याचं कारण नसावं, कारण बुधाचं आणि मंगळाचं गुरुत्वाकर्षण जवळपास सारखं आहे, दोन्हीकडे ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि बुधावर अशी नक्षी क्वचितच आढळते. मंगळाकडे बुधापेक्षा दोन गोष्टी जास्त आहेत: पातळ हवा आणि जमिनीतला बर्फ. हवेच्या बाजूनेही प्रयोग झाले आहेत. उडणाऱ्या बारीक मालाभोवती हवेची भोवरे-वादळं उठतात आणि ती माल जमिनीलगत वाहवतात, असं त्यातून दिसतं. पण मला बर्फाची बाजू जड वाटते, आणि ती एका साध्या निरीक्षणामुळे. मंगळाच्या विषुववृत्ताजवळ अशा पाकळ्या साधारण चार-सहा किलोमीटरहून मोठ्या विवरांनाच असतात. ध्रुवांकडे जाल तसं एक-दोन किलोमीटरच्या विवरांनाही त्या फुटतात. मोठं विवर खोल खणतं. म्हणजे विषुववृत्ताजवळ जे काही मालाला वाहतं करतं ते खोल आहे आणि ध्रुवांकडे उथळ. बर्फाबद्दल आपण नेमकी हीच अपेक्षा करू. २००८ मध्ये फीनिक्स यानाने उत्तरेकडे काही सेंटिमीटर खणताच बर्फ उघडा केला. २४ डिसेंबर २०२१ ला मंगळावर एक अशनी पडून सुमारे १५० मीटरचं नवं विवर झालं, त्याभोवती बर्फाचे पांढरे तुकडे विखुरलेले उपग्रहाच्या फोटोत स्पष्ट दिसले, तेही ३५ अंश उत्तर अक्षांशावर, ध्रुवापासून बरंच दूर. तेव्हा युटीबद्दल माझं उत्तर: वाहतं पाणी नव्हे, गोठलेल्या जमिनीवर बसलेला तडाखा.

मंगळावर सावध राहायचं आणखी एक कारण आहे. २००० साली मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी विवरांच्या भिंतींवरच्या कोवळ्या घळी दाखवल्या आणि अलीकडच्या काळात वाहिलेल्या पाण्याची चर्चा जगभर झाली. नंतर मंगळाभोवती फिरणाऱ्या एमआरओ यानाने त्याच घळींचे वर्षानुवर्षं फोटो घेतले, तेव्हा आज त्यांत होणारी हालचाल हिवाळ्यात, कार्बन डायऑक्साइडचं हिम असतानाच होते असं आढळलं. २०११ मध्ये उन्हाळ्यात लांबणाऱ्या काळ्या रेघा सापडल्या, पुन्हा खाऱ्या पाण्याची आशा. २०१७ मध्ये त्यांचे उतार मोजले, तर रेघा सुमारे २८ ते ३५ अंशांच्या उतारावर येऊन थांबतात. पाणी असतं तर सौम्य उतारावरही थोडं पुढे गेलं असतं. कोरडी वाळू मात्र नेमकी तिथेच थांबते. क्रशरवरचा ढीग आणि मंगळावरची रेघ एकच भाषा बोलतात, हे मला आजही थक्क करतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. सर्वांत आधी ऊन कुठून येतंय ते ठरवा. मी सुरुवातीला एका विवराबाहेरची तीन किलोमीटरची घळ चार महिने उंचवटा म्हणून नकाशात दाखवत होतो, कारण प्रकाश वरून येतो असं डोळ्याने गृहीत धरलं होतं. तो नकाशा पूर्ण रद्द करावा लागला. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात मी बाण काढतो. एकाच जागेचे दोन फोटो घ्या, एक सूर्य क्षितिजाजवळ असतानाचा, एक डोक्यावर असतानाचा. पहिल्यात उंच-सखल कळतं, दुसऱ्यात ताजा उजळ माल कुठे आहे ते. मग उंचीची रेघ काढा. चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाची माहिती क्विकमॅप या संकेतस्थळावर फुकट आहे, तिथे दोन टोकं टिचकवली की उंचीचा छेद, म्हणजे जमीन कशी चढते-उतरते ती रेघ, मिळते. अर्ध्या मीटरपर्यंतचा बारकावा दाखवणारे फोटो आहेत. चांद्रयान २ च्या कॅमेऱ्याने काही ठिकाणी सुमारे पाव मीटरपर्यंत टिपलं आहे, ते इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी करून मिळतं. मंगळासाठी जेमार्स ही संगणक-प्रणाली वापरा. लहान विवरं मोजून जिभेचं वय काढायचा मोह आवरा. तीव्र उतारावर लहान विवरं घरंगळत्या मालाखाली पुसली जातात आणि थिजलेल्या खडकाच्या कडक तळ्यावर ती लहान आकारात उमटतात. दोन्हीकडे वय खोटं कोवळं येतं.

आणि एकदा लोणारला जा. नाशिकहून एका दिवसात पोहोचता येतं. १.८ किलोमीटरचं, आपल्याच काळ्या बेसॉल्टमधलं, चंद्र-मंगळाशी तुलना करायला सगळ्यांत सोयीचं विवर. कडेवर उभं राहून थरांकडे बघा, ते बाहेरच्या बाजूला उचलले गेलेत आणि काही ठिकाणी पुरते उलटले आहेत. बाहेर काळापाणी धरणाच्या बाजूला उडालेला माल जुन्या जमिनीवर बसलेला हाताने चाचपता येतो. मग आत उतरा. भिंतीवर घळी, पायथ्याला दगडमातीचे पंखे, ईशान्येला धार नावाच्या झऱ्याच्या पाण्याने कापलेली दरी. हे सगळं नंतरचं, आणि इथे मात्र बहुतेक पाण्याचंच. एकाच जागी दोन्ही खाती शेजारी शेजारी उघडी असतात.

तुमच्या पहिल्या फोटोत डावीकडे आणखी एक लहान जीभ आहे, तिच्याबद्दल मी वर काही लिहिलं नाही. तिच्या मुळाशी खळगा सावलीत गेला आहे, त्यामुळे ती दरड की भिंतीवरून ओघळलेला थिजलेला खडक, हे या एका फोटोवरून ठरत नाही. त्याच जागेचा सूर्य उलट्या बाजूला असतानाचा फोटो आणि मुळापासून टोकापर्यंतचा उंचीचा छेद काढून पाठवा. टोकाशी उतार किती अंश भरतो तेही लिहा, मग तिच्यावर बोलू.